नर्सिंग-फिजिओथेरपीसाठी कर्ज काढताय? मग हिशोब शेवटाकडून सुरू करा

सरकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी बावीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी सांगली-मिरज भागात. आता निवृत्त आहे. पण प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की अजूनही कोणी ना कोणी पालक पिशवीत फाईल घालून घरी येतो. मिरजेत दवाखाने भरपूर, त्यामुळे 'मेडिकल लाइन'ला गेलं की पोटापाण्याची काळजी मिटली असं इकडे घरोघरी मानतात. एमबीबीएस हाती लागत नाही म्हटल्यावर मुलं बीएस्सी नर्सिंग, फिजिओथेरपी नाहीतर पॅरामेडिकलकडे वळतात. शिक्षण चांगलंच आहे. पण एमबीबीएस होणाऱ्याच्या आणि फिजिओथेरपिस्ट होणाऱ्याच्या पहिल्या पगारात मोठा फरक असतो आणि बँकेचा हप्ता काही पदवी बघून कमी होत नाही.

येणारे सगळे एकच विचारतात, "साहेब, कर्ज किती मिळेल?" मी त्यांना कॅल्क्युलेटर देतो आणि शेवटाकडून सुरुवात करायला सांगतो. आधी पहिला पगार, त्यातून झेपणारा हप्ता, हप्त्यावरून कर्ज आणि सगळ्यात शेवटी परवडणारी फी. बँक मंजूर करते तो आकडा या हिशोबात कुठेच येत नाही.

पहिला पगार शोधा

मागच्या वर्षी शिरोळकडचे एक ऊस बागायतदार मुलीला घेऊन आले होते. मुलीच्या हातात कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक. "काका, यात चार लाखांचं पॅकेज लिहिलंय," ती म्हणाली. चार लाख भागिले बारा म्हणजे तेहतीस हजार, हे तिने मनात केव्हाच करून ठेवलं होतं.

पॅकेज म्हणजे खात्यात जमा होणारी रक्कम नव्हे. त्यात मालकाच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो, कधी ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ताही. शिवाय आपल्या वाट्याचा पीएफ वेगळा कापला जातो. व्यवसाय कर मात्र महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर लागत नाही. एवढं सगळं वजा गेलं की चार लाखांच्या पॅकेजमधून हातात अठ्ठावीस-एकोणतीस हजार येतात. तेही ते पॅकेज खरोखर मिळालं तर. माहितीपत्रकातला आकडा बहुतेक वेळा बॅचमधल्या सगळ्यात नशीबवान मुलाचा असतो.

खरा आकडा हवा असेल तर त्याच कॉलेजमधून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली पाच मुलं गाठा. तीन जण आपल्याच जिल्ह्यात नोकरी करणारे, दोन जण पुण्या-मुंबईचे. 'पगार किती' असं विचारू नका, कारण लाजेपायी माणूस वाढवून सांगतो. 'एक तारखेला खात्यात किती पडतात' आणि 'पास झाल्यावर पहिली नोकरी लागायला किती महिने गेले' हे दोन प्रश्न पुरेत. पाच उत्तरांतलं सगळ्यात मोठं खोडून टाका आणि उरलेल्यांपैकी सर्वांत लहान आकडा हिशोबाला घ्या. त्या मुलीने फोन लावले. चौघांनी उचलले. तिच्या वहीत सर्वांत लहान आकडा १८,००० उतरला, एका खाजगी क्लिनिकमधला.

नर्सिंगवाल्यांनी सरकारी आणि खाजगी असे दोन रकाने ठेवावेत. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्स) वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते, एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरची ४४,९०० पासून. महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं पद कंत्राटी असतं. त्याला २५,००० रुपये मानधन आणि कामगिरीनुसार १५,००० पर्यंत प्रोत्साहन भत्ता. खाजगीत मात्र काही धरबंध नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही नर्सला किमान २०,००० द्यावेत आणि दोनशेहून जास्त खाटांच्या रुग्णालयाने सरकारी नर्सइतका पगार द्यावा, अशी शिफारस केली होती. ती शिफारस कागदावर आहे. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये जाऊन विचारलंत की प्रत्यक्षात काय चालतं ते कळेल.

सरकारी नोकरीच्या भरवशावर कर्ज काढू नका. जाहिरात निघेल, परीक्षा होईल, निकाल लागेल, नेमणूक मिळेल. बँकेचा पहिला हप्ता त्याच्या आधीच येतो.

पगारातून हप्ता

माझा ठोकताळा असा की हातात येणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या वर हप्ता जाऊ नये. १८,००० पगार असेल तर ४,५००. हे फार कमी वाटतं? पुण्यात खोलीचा वाटा, मेस, बस आणि फोन यांची बेरीज स्वतः करून बघा. अकरा-बारा हजार तिथेच जातात. उरलेल्यातून घरी काही पाठवायचं, आजारपण बघायचं, लहान भावाची फी भरायची. चौथा हिस्सा हीच ताणाची हद्द आहे. मुलगा किंवा मुलगी आई-वडिलांच्या घरीच राहून नोकरी करणार असेल तर तिसऱ्या हिश्शापर्यंत जायला हरकत नाही.

हप्त्यातून कर्ज

इथे एक छोटी सारणी लागते. व्याजदर १० टक्के धरला तर एक लाख रुपयांच्या कर्जाचा महिन्याचा हप्ता असा पडतो:

- ७ वर्षांची मुदत: सुमारे १,६६० रुपये
- १० वर्षं: सुमारे १,३२२ रुपये
- १५ वर्षं: सुमारे १,०७५ रुपये

दर ९ टक्के असेल तर दहा वर्षांचा हप्ता १,२६७ आणि ११ टक्के असेल तर १,३७८. मी दहा वर्षंच धरतो. पंधरा वर्षांत हप्ता हलका दिसतो, पण तिशीत घर घ्यायच्या वेळी हेच कर्ज अजून डोक्यावर असतं.

४,५०० ला १,३२२ ने भागलं की ३ लाख ४० हजार येतात. पालक इथे खूश होतात, साडेतीन लाखांपर्यंत चालेल म्हणून. थांबा, हे फेडायला लागाल त्या दिवसाचं कर्ज आहे. उचललेलं कर्ज याहून कमी असायला हवं, कारण शिकत असतानाही व्याज चालूच असतं.

शैक्षणिक कर्जात शिक्षणाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. या सवलतीच्या काळात व्याज सरळव्याजाने चढतं आणि शेवटी मुद्दलात जमा होतं. आमच्या काउंटरवर सगळ्यात जास्त भांडणं यावरून व्हायची. "सहा लाख घेतले होते, पावणेनऊ कसे झाले?" असे झाले:

फिजिओथेरपीचा नवा राष्ट्रीय अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे, चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. समजा दरवर्षी दीड लाख अशी चार वर्षं फी भरली. दीड लाखाचं वर्षाचं व्याज १५,०००. पहिल्या वर्षीच्या उचलीवर सहा वर्षं व्याज चढतं, दुसऱ्या वर्षीच्या उचलीवर पाच, मग चार, मग तीन. बेरीज अठरा. १८ गुणिले १५,००० म्हणजे २ लाख ७० हजार. सहा लाखांचे ८ लाख ७० हजार झाले, आणि अजून एकही हप्ता गेलेला नाही. दहा वर्षांचा हप्ता साडेअकरा हजार. शेवटपर्यंत भरणा पावणेचौदा लाखांच्या वर.

म्हणजे पाच वर्षांच्या कोर्सला उचल साधारण १.४५ पट होते. नर्सिंगसारख्या चार वर्षांच्या कोर्सला हाच हिशोब पाच, चार, तीन, दोन असा लागतो आणि पट १.३५ येते. इंटर्नशिपचं एक जादा वर्ष म्हणजे कमाईचं एक वर्ष गेलं आणि सगळ्या मुद्दलावर एक वर्षाचं व्याज वाढलं. म्हणून कॉलेज निवडताना इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन किती मिळतं ते विचारा, आणि तोंडी सांगितलेलं धरू नका.

आता ३ लाख ४० हजारांना १.४५ ने भागा. २ लाख ३५ हजार. शिरोळच्या त्या मुलीला, तिनेच शोधलेल्या पगारावर, चार वर्षांत मिळून एवढंच कर्ज झेपत होतं. म्हणजे वर्षाला जेमतेम ५९,०००. जवळच्या ज्या खाजगी कॉलेजमध्ये संस्थास्तरीय, म्हणजे कॉलेजने स्वतः भरायची जागा मिळत होती, तिथलं नुसतं शिक्षण शुल्क दीड लाख.

बाप गप्प बसला. मुलगी वहीतला आकडा परत परत बघत होती.

फी कमी कशी होते ते आधी बघा

खरा पैसा इथे वाचतो, आणि बहुतेक लोक हे सगळ्यात शेवटी, कर्ज मंजूर झाल्यावर बघतात.

पहिलं म्हणजे राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजची मंजूर फी बघा. सरकारी प्रवेश फेरीतल्या जागांसाठी खाजगी विनाअनुदानित कॉलेजला त्याहून जास्त घेता येत नाही. देणगी घेणं १९८७ पासून कायद्याने गुन्हा आहे. अभिमत विद्यापीठं मात्र या प्राधिकरणाच्या कक्षेबाहेर असतात, त्यांची फी त्यांनीच ठरवलेली. यादीत न दिसणारे खर्च, म्हणजे वसतिगृह, मेस, गणवेश, क्लिनिकल पोस्टिंगच्या बसचं भाडं आणि 'इतर शुल्क', कॉलेजच्या छापील पावतीवर बघा. मागच्या वर्षीची पावती एखाद्या विद्यार्थ्याकडून मागून घ्या.

दुसरं, सवलती. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, झालेला पाहिजे. व्यवस्थापन किंवा संस्थास्तरीय कोट्यातून प्रवेश घेतलात की ही माफी गेली. अभिमत विद्यापीठातही नाही. आर्थिक दुर्बल घटकांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिला उत्पन्नाची मर्यादा तीच. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. सगळे अर्ज महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, आणि नूतनीकरण दरवर्षी करायचं. दुसऱ्या वर्षी अर्ज भरायचा राहिला म्हणून फी अंगावर आलेली मुलं मी पाहिली आहेत.

त्या बापलेकीचं सगळं गणित इथेच फिरलं. ओबीसीचा दाखला होता, उत्पन्न मर्यादेत होतं. नीटच्या गुणांवर कॅपमध्ये दुसऱ्या जिल्ह्यातलं कॉलेज मिळत होतं, पण 'मुलगी लांब कशाला' म्हणून ते नको होतं. मी दोन्हींचा हिशोब शेजारी शेजारी लिहिला. लांबच्या कॉलेजमध्ये शिक्षण शुल्क शून्य. वसतिगृह, मेस आणि इतर शुल्क धरून वर्षाला एक लाख. त्यातले पन्नास हजार उसाच्या बिलातून निघतात असं वडील म्हणाले. उरलेले पन्नास हजार कर्ज, चार वर्षांचे दोन लाख. फेडायच्या वेळी २ लाख ९० हजार, हप्ता ३,८३२. साडेचार हजारांच्या आत. जवळच्या कॉलेजमध्ये साडेअकरा हजार, आणि तेही राहणं-खाणं सोडून.

इंटर्नशिपच्या वर्षाचा खर्च यात धरलेला नाही. ते वर्ष विद्यावेतनावर निभावेल की आणखी उचल लागेल, हे त्या कॉलेजच्या सध्याच्या इंटर्नलाच विचारावं लागतं.

बँकेत जाताना

अर्ज शैक्षणिक कर्जाच्या सरकारी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा. चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही, त्यावरच्या कर्जाला देशांतर्गत शिक्षणासाठी ५ टक्के. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची हमी योजना आहे (कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई), त्यामुळे शेत किंवा घर तारण मागितलं तर 'हमी योजनेत का बसत नाही ते लेखी द्या' असं शांतपणे म्हणा. आवाज चढवू नका. काउंटरपलीकडच्या माणसालाही वर जाब द्यायचा असतो.

व्याजाची सवलत वेगळी मागावी लागते. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या योजनेत सवलतीच्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं. मान्यतेच्या अटी आहेत, आपलं कॉलेज त्यात बसतं का ते आधीच विचारा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, पण ती निवडक संस्थांपुरती. तालुक्याचं नर्सिंग कॉलेज त्या यादीत सापडणं अवघड. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बँकेत दिलात की पोहोच घ्या आणि दावा पुढे पाठवला का, हे दरवर्षी विचारा. आमच्याच शाखेत एकदा एका मुलाचा दावा मुदतीत गेला नाही. दाखला फाईलमध्ये लावलेला होता, कोणी उघडून बघितलाच नाही. त्या मुलाचं व्याज मुद्दलात चढलं. माझं टेबल ती फाईल सांभाळणाऱ्याच्या शेजारचं होतं.

मंजुरीपत्र हातात आलं की सही करण्याआधी एवढं वाचा: दर बदलता आहे की स्थिर, सवलतीचा काळ नेमका कोणत्या महिन्यात संपतो, विम्याचा हप्ता कर्जात धरला आहे का आणि तो ऐच्छिक आहे का. बदलत्या दराच्या कर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, म्हणून हातात चार पैसे आले की भरत राहा. खाजगी वित्त कंपन्या बऱ्याचदा पहिल्या महिन्यापासूनच व्याज किंवा त्याचा काही भाग मागतात. तिथे 'सवलत' या शब्दाचा अर्थ त्यांनाच विचारून घ्यावा.

प्राप्तिकरात व्याजाच्या वजावटीचं आमिष कोणी दाखवलं तर सोडून द्या. ही वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. अठरा-वीस हजार पगारावर मुळात करच लागत नाही, मग वजावट कशातून घेणार?

शिकत असताना व्याज भरा

वर्षाला पन्नास हजार उचल असेल तर पहिल्या वर्षी महिन्याचं व्याज ४१७ रुपये. दुसऱ्या वर्षी ८३३, तिसऱ्या वर्षी १,२५०, पुढे १,६६७. हे भरत गेलं तर सहा वर्षांनी कर्ज दोन लाखच राहतं आणि हप्ता ३,८३२ ऐवजी २,६४३ येतो. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला दरातही सूट देतात. शेतकऱ्याला महिन्याला भरणं जमत नाही, पैसा बिलाच्या वेळीच येतो. मग कारखान्याचं बिल जमा झालं की वर्षाचं व्याज, पहिल्या वर्षी पाच हजार, दुसऱ्या वर्षी दहा, असं एकदम भरा. बँकेला चालतं.

परदेशाचं काय?

जर्मनीचं नाव हल्ली खूप ऐकू येतं. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. पण भाषा शिकायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं आणि त्या काळातही कर्जाचं घड्याळ चालूच असतं. तिकडचा पगार युरोत असला तरी पहिल्या हिशोबात तो शून्य धरा. एजंट आगाऊ पैसे मागत असेल तर फाईल बंद करून घरी या.

नोकरी लागली नाही किंवा हप्ता झेपेना झाला तर

पास झाल्या झाल्या परिषदेची नोंदणी करून घ्या. नर्सिंगला महाराष्ट्र परिचर्या परिषद, फिजिओथेरपीला राज्याची स्वतंत्र परिषद. नोंदणीवाचून धड नोकरी मिळत नाही आणि यात गेलेले महिने सवलतीच्या वर्षातूनच जातात. एखाद्या विषयात राहिल्यामुळे कोर्स लांबला तर बँकेला लगेच लेखी कळवा. बँकांच्या संघटनेने आखलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत दोन वर्षांपर्यंत मुदत वाढवून देता येते, बेरोजगारीच्या काळात हप्ता पुढे ढकलण्याचीही तरतूद आहे. ती आपोआप लागू होत नाही, अर्ज करावा लागतो.

हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं बुडीत वर्गात जातं. मग मुलीचाच नव्हे, सहकर्जदार असलेल्या वडिलांचाही सिबिल स्कोअर बिघडतो आणि पीककर्ज, ट्रॅक्टरचं कर्ज अडतं. म्हणून पहिला हप्ता चुकण्याच्या आधीच शाखेत जा. नोकरीच्या अर्जांच्या प्रती, पगाराची पावती, जे असेल ते सोबत न्या, अर्जाची दुसरी प्रत करा आणि तिच्यावर आवक-नोंदीचा शिक्का मारून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.